एकमजली घराचा जिना

आमचा धाकटा भाऊ इसाओ वर्षातले दोनच दिवस जगतो. उरलेले दिवस तो टॉवेलच्या कारखान्यात यंत्रापुढे उभा असतो, संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन कोबीची धिरडी हाणतो आणि वळणाबद्दल बोलतो. कुठलं वळण, असं विचारू नका. ओसाकाच्या दक्षिणेला, आमच्या या समुद्रकाठच्या गावात वळण म्हणजे रथाचं वळण. प्रत्येक आळीचा आपला लाकडी रथ, चार टनांचा, कोरीवकाम केलेला. सप्टेंबरात तो बाहेर काढायचा, शेकडो माणसांनी दोराला लागायचं, आणि चौक आला की न थांबता, वेग कमी न करता, धावत धावत काटकोनात वळवायचा. यात शहाणपणा काय आहे ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. विचारलं की इसाओ म्हणतो, "ताई, तू धिरडी उलट. ते तुला जमतं."

हा आमच्या हामामाची आळीचा तरफेवाला. म्हणजे धावत्या रथाच्या पुढच्या चाकापाशी आपणही धावायचं आणि नेमक्या क्षणी हातातला जाड ओंडका चाकाखाली सारायचा. चाक अडतं, रथ वळतो. क्षण चुकला की रथ कुणाच्या तरी घरात शिरतो. एकदा न्हाव्याच्या दुकानात शिरला होता. न्हावी रडायचं सोडून फोटो काढत बसला. अशी आमची माणसं.

पन्नाशी उलटल्यावर मंडळानं इसाओला सुचवून पाहिलं, की आता सल्लागार हो, हातपंख्यानं इशारे करत पुढे चाल, तरफ कुणा तरण्याला दे. तर हा म्हणाला, "सल्लागार म्हणजे मेलेला माणूस. फक्त जेवणाला येतो." कारखान्यात बढती चालून आली, तीही यानं नाकारली. का, तर मुकादमाला सप्टेंबरात सुटी नसते. बायकोचा, फुमिएचा वाढदिवस नेमका उत्सवाच्या आठवड्यात. लग्नाला इतकी वर्षं झाली, एकदाही त्याला तो आठवलेला नाही. आणि ती बिचारी म्हणते, "जाऊ द्या वन्सं, तेवढेच दिवस तर ते आनंदात असतात." मी असते तर तरफेनंच वाढदिवस साजरा केला असता.

तर, त्या वर्षी काय झालं ते सांगते.

शनिवार-रविवार उत्सव. आदल्या शुक्रवारी दुपारी रथ ओढून पाहायची रीत आहे, तालीम म्हणा हवं तर. टोफूवाल्याच्या कोपऱ्यावर इसाओनं तरफ सारली, पण एक श्वासभर उशिरा. रथाचं मागचं अंग बाजूला फेकलं गेलं आणि हा गडी रथ आणि टोफूवाल्याची भिंत यांच्यामध्ये सापडला. मी समोरच उभी होते. मला तो दिसेनासा झाला, आणि रथ पुढे गेल्यावर भिंतीला पाठ लावून उभा दिसला. हसत होता. सगळ्यांना कमरेत वाकून नमस्कार केला, टोफूवाल्याची माफी मागितली आणि मग हातरुमालात थुंकला. रुमाल गुलाबी झाला.

कुणीही सांगेल, अँब्युलन्स बोलवा. आमच्याकडे नाही बोलवत. अँब्युलन्स आली की अपघाताची नोंद होते, नोंद झाली की सगळ्या आळ्यांची मिळून जी समिती आहे ती त्या आळीचा रथ दोन्ही दिवस बंद ठेवते. मंडळाचे अध्यक्ष कुरामोतो-सान, तांदळाच्या पापडांचं दुकान आहे त्यांचं, आवाज असा की कौलं हलावीत. ते पहिल्यांदाच हळू बोलले. इसाओच्या कानाशी लागून म्हणाले, "घरी जिन्यावरून पडलास. कळलं? जिन्यावरून."

"कळलं, अध्यक्ष," इसाओ म्हणाला. बरगड्या मोडलेल्या माणसाच्या तोंडावर इतकं समाधान मी पाहिलेलं नव्हतं.

फुमिएनं त्याला कारखान्याच्या टॉवेलांच्या गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. मी बरोबर. छातीचा सीटी स्कॅन झाला. डॉक्टर आशिझावा म्हणून एक तरुण बाई होत्या, पार उत्तरेकडच्या, बर्फातून आमच्या गावात नुकत्याच बदलून आलेल्या. रथ, तरफ, वळण, कशाचा पत्ता नव्हता त्यांना. त्यांनी पडद्यावर फोटो लावला आणि आमच्याकडे पाहिलं.

"कसे पडलात?"

"जिन्यावरून," इसाओ म्हणाला.

"किती पायऱ्या होत्या?"

"बऱ्याच."

डॉक्टरीणबाई फुमिएकडे वळल्या. "घर दुमजली आहे का तुमचं?"

फुमिएला खोटं बोलता येत नाही, हा तिचा जन्मजात दोष. "नाही हो, एकमजली," ती म्हणाली, आणि मग नवऱ्याकडे पाहून तिनं तोंडावर हात ठेवला.

"शेजाऱ्याचा जिना," इसाओ म्हणाला.

"असं होय. मग हा जिना तुमच्यावर पुढूनही पडला आणि मागूनही पडला असणार." बाईंनी पेन पडद्यावर टेकवलं. "पुढच्या बरगड्या मोडल्यात, मागच्याही मोडल्यात. फुफ्फुसाला दोन्हीकडून मार आहे. दोन जड वस्तूंमध्ये माणूस चिरडतो तेव्हा असा फोटो येतो. मी पोलीस नाही. कशानं झालं ते तुम्ही सांगू नका. पण पुढे काय होणार ते ऐका."

फोटोत फुफ्फुसं काळी दिसतात, म्हणजे हवा आहे. इसाओच्या काळ्यामध्ये पांढुरके ढग होते, आणि संगणकानं त्या ढगांना नारिंगी रंग भरून मोजमाप केलं होतं. शंभरातले सव्वीस भाग.

"रंग झकास आहे," इसाओ म्हणाला. "मंडळाच्या झेंड्याचा असाच आहे."

"वीसच्या वर गेलं की आम्ही घाबरतो," बाई म्हणाल्या. "आज फुफ्फुसानं नुसता मार खाल्लाय. उद्या-परवा ते सुजेल, त्यात पाणी भरेल. आज तुम्ही बोलताय, हसताय. परवा कदाचित यंत्र लावावं लागेल. फोटो आज काढलाय, पण बघायचा तो परवासाठी."

"पण मला तर श्वास येतोय!" इसाओनं छाती फुगवून दाखवायला घेतली आणि निम्म्यावरच त्याचं तोंड वाकडं झालं.

"आज येतोय," बाई म्हणाल्या. "इथेच राहायचं. ऑक्सिजन, दुखणं थांबवायचं औषध, म्हणजे खोल श्वास घेता येईल, खोकता येईल. आणि एक, छाती बांधायची नाही. पूर्वी बांधायचे. बांधली की फुफ्फुस उघडत नाही."

खरं सांगते, मलाही त्या बाई जरा आगाऊच वाटल्या. माणूस समोर बसून विनोद करतोय, आणि या ढगांकडे बोट दाखवून पंचांग सांगताहेत. पण तो गुलाबी रुमाल माझ्या पिशवीत होता. मी इसाओला म्हटलं, "गप पडून राहा. एक वर्ष रथ तुझ्याशिवाय वळेल."

"तेच तर, ताई," तो म्हणाला. "वळला तर?"

शनिवारी सकाळी कुरामोतो-सान हजर. एका हातात मोचीचा, म्हणजे तांदळाच्या चिकट लाडवांचा डबा, दुसऱ्या हातात इसाओचा उत्सवाचा निळा डगला, घडी घालून. मागे मंडळातले दोघे दांडगे, दारूच्या दुकानातले. खोलीत आल्या आल्या अध्यक्ष बिछान्यापुढे वाकले, आणि वाकलेलेच राहिले. हा माणूस वाकला की कुणाला तरी खड्ड्यात घालतो.

"गावभर बोभाटा झालाय," ते म्हणाले. "पलीकडच्या आळीनं समितीच्या कानात सांगितलंय, की हामामाचीचा तरफेवाला चिरडला. दुपारी देवळासमोर समिती बघायला येणार. तू जागेवर दिसलास तर प्रश्न मिटला. देवळापर्यंत चाल, मग परत येऊन झोप."

"आणि नाही दिसला तर?" मी विचारलं.

"तर रथ बंद. सहाशे माणसांची वर्षभराची मेहनत, तोकिए-सान."

"सहाशे माणसांना श्वास येतोय ना? मग त्यांनी रडावं थोडा वेळ. याच्या छातीचा फोटो बघितलात का तुम्ही?"

"फोटोचं काय घेऊन बसलात! माझ्या गुडघ्याचाही फोटो वाईट आहे. मी चालतोच आहे ना?"

"तुम्ही गुडघ्यानं श्वास घेता का हो?"

दारूच्या दुकानातला एक जण फिस्सकन हसला आणि लगेच गंभीर झाला. पण इसाओ आमच्या कुणाकडे बघतच नव्हता. डगल्याकडे बघत होता. मी ओळखलं, संपलं सगळं.

डॉक्टरीणबाई आल्या. रात्रीतून ऑक्सिजन किती उतरला ते त्यांनी सांगितलं, पुन्हा फोटो काढू म्हणाल्या, रागावल्या, शेवटी हात जोडायच्या बाकी राहिल्या. इसाओनं अतिशय अदबीनं सगळं ऐकून घेतलं, अतिशय अदबीनं धन्यवाद म्हणाला आणि आपल्या जबाबदारीवर जातो म्हणून सही केली. फुमिए कोपऱ्यात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "अहो, नका ना जाऊ." इतक्या हळू, की कुणाला उत्तर द्यायची गरज पडली नाही.

आणि मग मंडळाच्या खोलीत या दीडशहाण्यांनी काय करावं? उत्सवात आमचे गडी पोटाला लांबच लांब पांढरा सुती पट्टा आवळतात. ती रीतच आहे, पट्ट्याशिवाय डगला घालणं म्हणजे नागडं फिरणं. त्या दोघा दांडग्यांनी ठरवलं, की बरगड्यांना आधार हवा. एकानं टोक धरलं, दुसऱ्यानं इसाओला गोल गोल फिरवत पट्टा पोटापासून पार काखेपर्यंत आवळला, गुडघा टेकवून आवळला. इसाओ म्हणाला, "आता कसं मजबूत वाटतंय!" डॉक्टरीणबाईंनी जे एक करू नका सांगितलं होतं, ते यांनी प्रेमानं केलं. प्रेमानं, हो. त्या दोघांच्या डोळ्यांत पाणी होतं.

दुपारी देवळासमोर समितीचे तिघे आले. इसाओ चाकापाशी उभा, हातात तरफ. त्यांनी पाहिलं, त्यानं नमस्कार केला, ते पुढे गेले. कुरामोतो-सानांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू माणूस त्यांनीच बरा केला.

झालं होतं ना काम? मग पाठवायचं ना परत? पण ढोल सुरू झाला, बासरी सुरू झाली, दोर ताणले गेले, आणि सहाशे जण "सोऱ्या! सोऱ्या!" म्हणत निघाले. रथापुढून बाजूला व्हायचं म्हटलं तरी पळावंच लागतं. आणि इसाओला कुठे व्हायचं होतं बाजूला! तो पळाला. मी दुकानाच्या दारातून पाहिलं. सगळ्यांची तोंडं उघडी होती, ओरडत होती. त्याचंही उघडं होतं, पण ओरडण्यासाठी नव्हतं.

रथ माझ्या दुकानापुढच्या थांब्यावर टेकला. मी धावले. इसाओ चाकाला धरून उभा होता. ओठ जांभळे, नाकपुड्या फुललेल्या, गळ्याशी खड्डा पडतोय.

"बस खाली."

"ताई," तो म्हणाला. मग श्वास. "ठीक." मग श्वास. "आहे."

तीन शब्दांत दोनदा श्वास. आमचा इसाओ, जो एका दमात सबंध वळणाचं वर्णन करायचा! मी दुकानातली कात्री आणली आणि तो पवित्र पट्टा खालपासून वरपर्यंत टराटरा कापला. दांडग्यातला एक जण म्हणाला, "अहो, पट्टा कात्रीनं कापत नाहीत, अशुभ असतं." मी कात्री त्याच्याकडे वळवली. तो मागे सरला.

पट्टा सुटला तरी श्वास काही परत येईना. कुणीतरी अँब्युलन्सला फोन केला. आता बोलावली! ती स्टेशनपाशी अडकली होती. पुढच्या रस्त्यावर एका आळीचा रथ, मागच्यावर दुसऱ्या आळीचा, मध्ये अख्खं गाव आणि बाहेरचे पाहुणे. त्या दिवशी आमच्या गावात माणूस पुढे सरकू शकत नाही. सरकतो फक्त रथ. रथ आला की गर्दी आपोआप फाटते.

हे कुणाच्या डोक्यात आलं? माझ्या नाही, कुरामोतो-सानांच्या तर नाहीच. फुमिए पुढे झाली. जिचा आवाज मी जेवताना "घ्या ना" म्हणण्यापलीकडे ऐकला नव्हता, ती अध्यक्षांपुढे उभी राहिली आणि केवढ्यानं तरी ओरडली, "यांना रथात घाला! हॉस्पिटलात चला!"

"फुमिए-सान, ठरलेला मार्ग सोडला तर समिती—"

"माझा नवरा चिरडला तेव्हा मी गप्प बसले! आता नाही बसणार! काल रथानं चिरडलंय त्यांना! ऐका सगळे! रथानं!"

सबंध रस्त्यानं ऐकलं. पलीकडच्या आळीनं ऐकलं. समितीच्या तिघांनीही ऐकलं असणार, कारण त्यातल्या एकानं टोपी काढली.

मग मात्र त्या सहाशे गाढवांचं मला कौतुक करावं लागतं. इसाओला उचलून रथाच्या पोटात घातलं, जिथे ढोलवाले बसतात. बिनढोलाचं धावा म्हटलं तर यांचे पाय एकमेकांत अडकतात, म्हणून ढोल वाजवावाच लागला, इसाओच्या कानापासून हातभर अंतरावर. मी आणि फुमिए आत त्याला धरून बसलो होतो. टोफूवाल्याच्या कोपऱ्यावर तरफेला कोण होतं मला ठाऊक नाही. जग एका बाजूला गेलं, आम्ही तिघं दुसऱ्या बाजूला गेलो, आणि इसाओनं डोळे उघडून छताकडे पाहिलं.

हॉस्पिटलच्या दारात रथ थांबला तेव्हा डॉक्टरीणबाई खुर्चीगाडी घेऊन बाहेर आल्या होत्या. त्यांनी तो चार टनांचा रथ पाहिला, घामानं निथळणारी ती सगळी फौज पाहिली, मग कुरामोतो-सानांकडे पाहिलं.

"हाच का तो जिना?" त्या म्हणाल्या.

संध्याकाळच्या आत इसाओच्या घशात नळी होती आणि यंत्र त्याच्या वतीनं श्वास घेत होतं. नवा फोटो काढला. त्यात काळं शोधावं लागत होतं. मी बाईंना विचारलं, "आता काय होईल?"

"माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"काल तर फोटोवरून सगळं बिनचूक सांगत होतात."

"काल सांगून उपयोग होता," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. मला त्यांचा राग आला नाही. मला इतका राग बाकीच्यांचा आला होता, की त्यांच्या वाट्याला उरलाच नाही.

रविवारी हामामाचीचा रथ बंद राहिला. दुसऱ्या आळ्यांचे ढोल वाजत होते आणि आमचे लोक हॉस्पिटलच्या दालनात डगले घालून बसले होते, नर्सबाई येऊन शू करून जात होत्या. कुरामोतो-सान माझ्यासमोर वाकायला आले. मी तोंड फिरवलं. ते माझ्या पाठीपुढे वाकले.

कित्येक दिवस मी अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर काढले. इसाओसाठी तोंडात काय काय जमवून ठेवलं होतं सांगू! गाढवापासून सुरुवात होती, मधे आईवडिलांचं नाव होतं, फुमिएचे सगळे वाढदिवस होते, शेवटी पट्टा होता. रोज घोटून घोटून पाठ केलं. रोज यंत्राचा आवाज ऐकत मनातल्या मनात म्हणून पाहिलं. तो मेला तर हे कुणाला बोलू, या विचारानं मी एकदा स्वच्छतागृहात जाऊन ढसाढसा रडले.

आणि मग नळी निघाली. फुफ्फुस पूर्वीसारखं होणार नव्हतं, धावणं विसरा, चढावर थांबत थांबत चाला, असं बाईंनी सांगितलं. मी आत गेले तर माझ्याआधी कुरामोतो-सान खुर्चीवर! पुन्हा मोचीचा डबा! इसाओ उशीला टेकून बसला होता, नाकात ऑक्सिजनच्या नळ्या, गाल आत गेलेले. आणि डोळे मात्र तसेच चमकत होते.

"वळण," तो पुटपुटला. "कसं. होतं?"

"काय सांगू!" कुरामोतो-सानांचा आवाज परत आला होता. "टोफूवाल्याच्या कोपऱ्यावर असं वळण हामामाचीनं आजवर घेतलेलं नाही! अख्खं गाव बोलतंय! तू आत होतास म्हणून—"

बस्स. माझा बांध फुटला. "उठा! उठा त्या खुर्चीवरून! आणि तू, गाढवा, वळण विचारतोस? फुमिए तिकडे जेवलेली नाही, आणि तू—"

इसाओनं हात वर केला. पंखा धरून इशारा करावा तशी दोन बोटं. मी आयुष्यात त्याच्या सांगण्यावरून कधी थांबले नव्हते. तो काय बोलतोय ते ऐकायला मला अगदी जवळ जावं लागलं.

"ताई," तो म्हणाला. थांबला. छाती वर झाली, खाली झाली. "तू बोललीस. की मला. उलट बोलावं लागतं." पुन्हा थांबला. "दम नाही गं."

जन्मल्यापासून या माणसानं मला एक शब्द फुकट घेऊ दिला नव्हता. मी एक म्हटलं की तो दोन म्हणायचा, म्हणून तर मी म्हणायची. मी कुरामोतो-सानांना हातानंच बाहेर जायला सांगितलं, त्यांच्या खुर्चीवर बसले, आणि तोंडातलं ते सगळं, इतक्या दिवसांचं, गिळलं. फार जड गेलं. मग डब्यातली एक मोची घेऊन तिचे बारीक तुकडे केले आणि चमच्यानं त्याला भरवायला लागले, एक घास, मग थांबायचं, मग दुसरा.